जाऊबाईंची कावीळ

भाकरी थापायला दोन मोकळे तळवे लागतात. आमच्या घरात ही गोष्ट मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळली. सासूबाईंनी काठवट माझ्यापुढे सरकवली आणि आजपासून हे तुझं म्हणाल्या. मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा पाहतायत. चार दिवसांनी मोठ्या जाऊबाई हातभार लावतील. चार दिवस गेले, चार महिने गेले, तीन वर्षं गेली. हातभार लावायला जाऊबाईंचे हातच चालत नव्हते.

माझं सासर तापीच्या काठी, नंदुरबारपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. केळी, कापूस, खाणारी तोंडं बरीच. माझे मालक धुळ्याला कचेरीत कारकून होते, महिन्या-दोन महिन्यांनी दिसायचे. घरी सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे या जाऊबाई, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि मी. शिवाय शेतावरचे गडी. मला तेव्हा मूल नव्हतं, त्यामुळे मी रिकामीच आहे असं सगळ्यांचं मत होतं.

जाऊबाईंना मुलगी झाली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात बोटांचे सांधे सुजले. मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर त्यांच्या मुठी उघडतच नसत. कोमट पाण्यात हात घालून ओट्यावर उन्हात बसायच्या तेव्हा कुठे दुपारपर्यंत पेला धरता येई, तोही दोन्ही मनगटांमध्ये दाबून. गावात याला वात म्हणत. अंग स्वतःवरच उलटतं आणि आपलेच सांधे खातं असा हा रोग, हे मी फार पुढे ऐकलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या दिल्या आहेत आणि त्या रोज घ्यायच्या आहेत. गोळ्यांनी दुखणं मरत नसे, जरा दबून बसे.

त्यांना न्हाऊ घालणं, पातळ नेसवणं, केस विंचरणं, घास भरवणं, सगळं माझ्याकडे. त्यांच्या मुलीची वेणीही मीच घाले. जाऊबाई स्वभावाने तिखट. त्यांचं पातळ मी जरा वर नेसवलं तर म्हणायच्या, शेतात चिखल तुडवायला निघाले का मी. मीही काही कमी नव्हते. मग मुद्दाम खाली ओढून नेसवायची. आमचं भांडणही असं नेसण्या-विंचरण्यातून चालायचं, कारण दुसऱ्या कशाला वेळच नव्हता. मी थकून गेले होते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या बाईने असं म्हणावं हे त्या काळी शोभत नसे, म्हणून म्हटलं नाही, पण गेले होते.

एकोणीसशे सत्तावनच्या पावसाळ्यात तो ताप आला. फ्लू हा शब्द गावाने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. नंदुरबारच्या बाजारातून कुणीतरी घेऊन आलं आणि आठवड्यात घरोघर माणसं गोधडीत. अंग मोडून यायचं, छाती भरायची, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. आमच्या घरी आधी गडी पडले, मग थोरले दीर, मग सासूबाई, मग मुलगी. मला कणकण आली ती चुलीपुढेच आली आणि चुलीपुढेच गेली. निजायला कुणी जागा दिलीच नाही. सगळे पाचसहा दिवसांत उठले. जाऊबाई शेवटी पडल्या आणि त्यांचा ताप काही हटेना. गोळी तापावरही चालते असं गावात म्हणत होते, म्हणून त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांवर आणखी गोळ्या दिल्या गेल्या. सासूबाई देत, मी पाणी पाजे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

ताप एकदाचा उतरला. खोकला राहिला, अन्नावरची वासना गेली. भाताचा वास आला तरी त्या तोंड फिरवत. मला वाटलं, दुखणं मोठं होतं, दिवस लागतील. मग एका सकाळी केस विंचरताना त्यांनी मान वर केली आणि मला त्यांचे डोळे दिसले. बुबुळाभोवतीचं पांढरं पिवळं झालं होतं. लघवी गेले दोन दिवस गडद होतेय हे त्यांनी तेव्हा सांगितलं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते: आता पथ्याचा वेगळा स्वयंपाक. दुष्काळात तेरावा महिना.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी विहिरीवरून आले तर स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज येत होता. सासूबाईंचा नव्हता, त्यांचा हात जड पडतो. आत जाऊन पाहिलं तर काठवटीपुढे जाऊबाई. चेहरा पिवळा, ओठ सुकलेले, आणि हाताखाली भाकरी गोल फिरत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि दुसरा गोळा घेतला. त्यांची बोटं सरळ होती. मी घागर खाली ठेवायची विसरले.

सूज उतरली होती. मनगट फिरत होतं. गुडघे दुमडून त्या चक्क मांडी घालून बसल्या होत्या. घरात सगळे बघायला आले, शेजारणीही आल्या. सासूबाईंनी सुनेचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "कावीळनी वात खाई टाका." काट्याने काटा निघाला म्हणायचा. आता कावीळ तेवढी उतरवली की सून जशी आणली तशी परत मिळणार होती. थोरले दीर कमी बोलणारे, पण त्या दिवशी बायकोच्या हातची भाकरी त्यांनी जास्तीची मागून घेतली.

आमच्याकडे कावीळ डॉक्टरकडे नेत नसत. तिची माळ असे. पलीकडच्या गावात एक शेतकरी माळ घालत असत, त्याबद्दल काही घेत नसत. कसल्याशा मुळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून गोल माळ करायची आणि ती उपाशीपोटी रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी माळ डोक्यावर मुकुटासारखी बसते, गळ्यात उतरत नाही एवढी लहान असते. मग ती लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते. जसजशी माळ उतरेल तसतशी कावीळ उतरते आणि बेंबीपर्यंत आली की माळ नदीत सोडायची. आता मला कळतं की मुळ्या सुकून आकसल्या की फास सैल पडतात आणि दोरा सुटत जातो. ती माळ खुंटीला टांगली तरी लांबेल. तेव्हा मीही रोज सकाळी इतरांबरोबर डोळे लावून बघत असे.

पथ्य कडक. तेल नाही, हळद नाही, तिखट नाही, तव्यावरचं काही नाही. ताकभात, गुळाचं पाणी, भाजलेले हरभरे. आणि माळ असेपर्यंत दुसरं औषध पोटात जाता कामा नये. अ‍ॅस्पिरिन आपोआपच बंद झालं होतं. सांधे दुखतच नव्हते तर ते कोण घेणार.

खरं सांगायचं तर ते दिवस मला बरे वाटले. जाऊबाईंना मध्येच पडावं लागे, थकवा होता, अंगाला खाज सुटे, पण सकाळच्या भाकरी त्या थापत. चुलीपाशी जाऊ नका म्हटलं तर ऐकत नसत. मुलीला पुढ्यात बसवून तिच्या दोन वेण्या घालत, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर ताणल्या जात. पोर रडायची आणि उठायची मात्र नाही. एकदा मी धुणं पिळत होते तर जाऊबाईंनी दुसरं टोक धरून पीळ दिला. माझ्या हाताला दुसऱ्या बाजूने ओढ लागली, आणि तेवढ्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हे असंच राहिलं तर मीही जगेन.

माळ गळ्यापर्यंत उतरली आणि तिथेच थांबली.

आठवडा गेला तरी ती गळ्यापाशीच. डोळे पिवळेच, उलट जास्त. थोरले दीर पुन्हा त्या शेतकऱ्याकडे जाऊन आले. माळवाल्यांनी सांगितलं की माळ अडली म्हणजे घरात पथ्य मोडतंय, स्वयंपाक करणारीचा हात तपासा. स्वयंपाक करणारी मी. सासूबाईंनी हळदीचा डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला. मी जाऊबाईंचं पातेलं वेगळं ठेवत होते, पळी वेगळी, त्यांचं करण्याआधी हात राखेने घासत होते. नखांतली हळद जावी म्हणून कातडं सोलून निघालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. मला इतका संताप आला की दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मग पोळ्याच्या आधल्या दिवशी मी त्यांना न्हाऊ घालत होते. हात बरे झाल्यापासून त्या एकट्या न्हात, पण त्या दिवशी उभं राहवेना म्हणून मला बोलावलं. पाठीवर पाणी ओतण्यासाठी मी अंबाडा वर उचलला तर मानेमागे, केसांखाली, माळेचा दोरा गोळा करून बांधलेला दिसला. एक गाठ नव्हती, गाठीवर गाठ होती. जेवढी माळ लांबली तेवढी त्यांनी रोज मागे ओढून बांधून टाकली होती. घरात कुणाला संशय येणंच शक्य नव्हतं. इतकी बारीक गाठ बांधणारे हात त्यांचे असतील हे अजून कुणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

मी तांब्या खाली ठेवला. मग एकेक बाहेर आलं. आम्ही शेतात असताना त्या भाजीच्या भांड्यातलं तेल-तिखट चाटून घेत होत्या. सासूबाईंच्या खोलीतली हळद घेऊन पाण्यात कालवून पीत होत्या. पिवळं खाल्लं की पिवळेपण टिकेल असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, पायांवर सूज आली आहे, पोट फुगलं आहे, हे काही चांगलं लक्षण नाही. त्यांनी ओल्या केसांनीच माझ्याकडे मान वळवली.

"कावीळ उतरी ते मन्हा हात परत मिटी जातीन," त्या म्हणाल्या. "मग जित्ती ऱ्हाईसन काय करू? कोनले सांगू नको."

हात पुन्हा मिटण्याची भीती म्हणून त्यांनी कावीळ पाळून ठेवली होती. मला हसू आलं नाही. पाच-सहा वर्षं ज्या बाईला नाकावरची माशी उडवता आली नाही तिचा हिशेब मला पूर्ण समजला, आणि तो माझ्याही सोयीचा होता. त्यांचे केस पुसले, कोरडं पातळ दिलं. पातळ त्यांनी स्वतः नेसलं.

पोळ्याच्या दिवशी घर बैलांच्या मागे होतं. जाऊबाई दिवसभर झोपल्या. उठवलं तर उठत, बोलत, पण वेगळंच काहीतरी. मला त्यांनी आपल्या आईच्या नावाने हाक मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पीठ भिजवायला घेतलं आणि काठवटीत पाण्याऐवजी ताक ओतलं, मग मीठ, मग पुन्हा ताक, आणि मी हात धरला तर माझ्याकडे बघून ओळख नसल्यासारख्या हसल्या. हात तेवढे छान चालत होते. पातळ झालेलं ते पीठ त्या सावकाश, एकजीव करून मळत राहिल्या. मी घाबरले.

मी सासूबाईंना गाठींचं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. पथ्य आपण मोडायचं आणि आळ आजाऱ्यावर घालायचा, असं त्या म्हणाल्या, आणि मारुतीला नारळ बोलून मोकळ्या झाल्या. माझे मालक धुळ्याला. पत्र जाऊन माणूस येईपर्यंत काय होईल ते दिसतच होतं. राहिले थोरले दीर. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी बोलायचं नसतं. त्यांच्या समोर पदर नाकापर्यंत, आणि काही हवं असलं तर भिंतीला सांगावं तसं सासूला सांगायचं, त्यांनी ते ऐकून घ्यायचं. तीन वर्षांत त्यांनी माझा आवाज आपल्याला उद्देशून ऐकला नव्हता.

ते खळ्यात बैलांच्या शिंगांचा रंग पुसत होते. सोबत दोन गडी होते. मी पदर ओढून घेतला आणि समोर जाऊन उभी राहिले.

"दादा, बाई मरी जातीन. आज गाडी जुपा."

गड्यांनी माना खाली घातल्या. दिरांनी हातातलं फडकं तसंच धरून ठेवलं. ते रागावले नाहीत. गाडीत गवत घालायला सांगितलं, आणि मला, म्हणजे माझ्या दिशेने जमिनीकडे बघत, तूही सोबत चल म्हणाले. सासूबाई ओट्यावरून बोलत होत्या. मी ऐकलं नाही.

नंदुरबारपर्यंत गाडी, तिथून रेल्वेने चिंचपाडा. वाटेत जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माळ मी गाडीतच कापून काढली होती. त्यांना ते समजलं नाही याचं मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी आधी मला विचारलं, कारण दिरांना काहीच सांगता येईना. मी तापापासून सगळं सांगितलं, गोळ्यांचं, हळदीचं, गाठींचं. ते म्हणाले की यंदा असे रोगी आणखीही पाहिले. ज्यांचं अंग धडधाकट त्यांच्या छातीतून हा ताप येतो आणि जातो. ज्यांना असला जुना सांध्यांचा रोग आहे त्यांच्या अंगात आधीच आग पेटलेली असते, तिथे ताप नुसता छातीवर थांबत नाही, यकृतावर जातो. त्यात अ‍ॅस्पिरिन जास्त पडलं असेल तर यकृत आणखी दुखावतं. नक्की कशाने किती झालं हे त्यांनाही सांगता येत नव्हतं आणि तसं त्यांनी कबूल केलं. मग मी हातांचं विचारलं. तेही त्यांना ठाऊक होतं. या रोगात कावीळ झाली की सांधे मोकळे होतात, मोठमोठ्या डॉक्टरांनी ते पाहिलेलं आहे, म्हणाले. आणि कावीळ गेली की दुखणं परत येतं.

जाऊबाई शुद्धीवर यायला काही दिवस गेले. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांनाही हे समजावून सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं नाही, मोठ्या माणसाला सांगावं तसं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की थोडी अंगात राहू दिली तर चालेल का, अगदी थोडी, डोळ्यांपुरती. डॉक्टर नाही म्हणाले.

आम्ही तिथे सव्वा महिना राहिलो. साखरपाणी, भात, विश्रांती, सलाईन. पोटावरची सूज ओसरली. डोळ्यांच्या कडेने पांढरं दिसायला लागलं तसा मला आनंद व्हायचा, आणि मग माझी नजर त्यांच्या हातांकडे जायची. रोज सकाळी त्या पांघरुणाखाली बोटं उघडून मिटून बघत. मला दिसू नये म्हणून पांघरुणाखाली. एक दिवस पांघरुणाखाली हालचाल दिसली नाही.

घरी आलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मारुतीचा नारळ फोडला, आणि शेजारणींना बोलावून सुनेचे डोळे दाखवले. सगळ्या म्हणाल्या, कसे दुधासारखे झाले. देवाची कृपा म्हणाल्या. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात मांडीवर, मुठी मिटलेल्या, मनगटं पुन्हा फुगलेली. तिकडे कुणी बघितलं नाही, कारण तसे हात त्यांनी आधी पुष्कळ पाहिले होते.

संध्याकाळी मी भाकरी केल्या. त्यांचं ताट घेऊन समोर बसले. तीन वर्षं रोज बसत होते तशीच बसले, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. आपण बोललो नसतो तर ही बाई आज नसती हे मला पक्कं माहीत होतं. आणि ती आज अशी बसली आहे तीही आपल्यामुळे, हेही माहीत होतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या,

"वाचाडं तू. आते खावाड बी तूच."

आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता, माझ्यासारखाच. मी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात भिजवला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी तोंड उघडलं.